स्वीडन, दापोडीमार्गे

आंतरराष्ट्रीय व्यवसाय व्यवस्थापन शिकायला येणाऱ्याने जग पाहिलेलं असावं, अशी अट कुठल्याही विद्यापीठाने घातलेली नाही हे फार बरं झालं. नाहीतर पुण्यातला आमचा वर्ग भरलाच नसता. मी तेरचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. शेजारी निफाडचा एक मुलगा, पुढच्या बाकावर मिरजेची एक मुलगी, मागे मडगावची एक. खिडकीपाशी पुण्यातलेच काहीजण बसत. त्यांच्याकडे पासपोर्ट होते, पण त्यांवर शिक्के नव्हते. कोऱ्या पासपोर्टाला एक वेगळीच प्रतिष्ठा असते, अजून एकही कीर्तन न झालेल्या नव्या सभामंडपासारखी. आम्ही बाकीचे त्या पासपोर्टांकडे आदराने पाहायचो आणि मग ब्राझीलच्या आयातशुल्कावर तावातावाने बोलायचो. ब्राझील आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे मतभेदाला भरपूर वाव होता.

पहिल्याच सत्रात निरनिराळ्या देशांच्या रीतिभाती हा भाग होता. मॅडमनी सांगितलं, जपानमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, नाव समोरच्याला सरळ वाचता येईल असं धरायचं, किंचित वाकायचं. आणि मिळालेलं कार्ड लगेच खिशात कोंबायचं नाही, ते नीट वाचायचं, मग समोर टेबलावर ठेवायचं. सराव करा म्हणाल्या. कार्डं कुणाकडेच नव्हती. मग आम्ही लोकलचे पास काढले. निफाडच्या मित्राने कंबरेतून वाकून त्याचा शिवाजीनगर ते चिंचवड मासिक पास मला अर्पण केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि भक्तिभावाने वाचला. त्याची मुदत संपलेली होती. पण चेहऱ्यावर तसं काही दिसू दिलं नाही, कारण समोरच्याचा मान राखणं हाच त्या धड्याचा गाभा होता. वर्गभर मुलं एकमेकांसमोर वाकत होती, पास वाचत होती, समाधानाने माना डोलवत होती. दारातून डोकावलेले शिपाईमामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीही किंचित मान झुकवली आणि हजेरीचा कागद मॅडमना दोन्ही हातांनी दिला.

त्यानंतर आमच्या आयुष्यात हॉफस्टीड आला. गेर्ट हॉफस्टीड हा डच माणूस. आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या त्याने वर्षानुवर्षं चाळल्या आणि 1980 साली एका जाडजूड ग्रंथात संस्कृतींना आकडे बहाल केले. वरच्याने हुकूम सोडावा आणि खालच्याने तो निमूट ऐकावा हे एखाद्या समाजाला कितपत स्वाभाविक वाटतं, याचाही एक आकडा आहे. भारताचा 77, ऑस्ट्रियाचा 11 आणि मलेशियाचा 104. शंभरात एकशेचार कसे, हे विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं, आणि तिथेच आमचे सत्त्याहत्तर सिद्ध झाले. खरं कारण साधं आहे: मोजपट्टी आधी आखून झाली होती आणि काही देश नंतर आले. पुष्कळ शास्त्रांचं असंच होत असावं. पट्टी तयार होते, आणि मग मलेशिया येतो.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. हॉफस्टीड वाचताना मला सारखे तेच दिसत. एकाच माणसाचा आकडा दिवसातून किती वेळा बदलतो! गाडीत त्यांच्या घंटीशिवाय चाक हलत नसे, तिथे ते साक्षात मलेशिया. संध्याकाळी डेपोत पैशांचा हिशेब देताना साहेबांच्या टेबलासमोर ते इतके आक्रसून उभे राहत, की गाडीतला माणूस हाच का असा प्रश्न पडावा. आणि घरी आल्यावर आई त्यांना गहू दळून आणायला पिटाळायची तेव्हा आमचं घर थेट ऑस्ट्रियात जाऊन पोचायचं. हॉफस्टीडला आयबीएमऐवजी एसटीच्या प्रश्नावल्या मिळाल्या असत्या तर त्याचा ग्रंथ बहुधा पुरा झाला नसता, पण वाचायला अधिक मजा आली असती. मी हे उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही. तिथे 77 लिहिलं, गुण मिळाले.

पण ज्या सिद्धान्तावर माझा खरा जीव जडला तो स्वीडनचा. उप्साला विद्यापीठातल्या योहानसन आणि वाह्ल्ने या दोघांनी तो 1977 मध्ये मांडला. धंदा परदेशात कसा जातो? एकदम उडी मारून नाही, तर भीत भीत, चाचपडत, पाण्यात पाय घालून बघत. आधी शेजारी, जिथली भाषा कळते, माणसं आपल्यासारखी वाटतात, तिथे. मग जरा पलीकडे. आधी नुसता माल पाठवायचा, मग एखादा एजंट नेमायचा, मग स्वतःचं विक्री कार्यालय उघडायचं, आणि अगदी भीड चेपली की कारखाना टाकायचा. दोन देशांमधलं हे अंतर मैलांचं नसतं, मनातलं असतं, असं त्यांचं म्हणणं. स्वीडिश कंपन्या आधी नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंडला गेल्या त्या याच भिडस्तपणामुळे. विद्वानांनी संकोचावर सिद्धान्त उभारावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. अर्थशास्त्रातली माणसं तोवर नेहमी नफ्याच्या मागे बेभान धावत असायची; इथे पहिल्यांदाच एक कंपनी दारात चपला काढून ‘आत येऊ का?’ असं विचारत उभी दिसली.

शिवाय हे सगळं मला ठाऊकच होतं. मी तेरहून आधी उस्मानाबादला शिकायला गेलो, कारण तिथे मावशी होती. मग सोलापूर, कारण तिथे तेरची दोन मुलं आधीच होती. मग पुणे, कारण सोलापूरची सगळीच तिकडे जात होती. प्रत्येक ठिकाणी आधी नुसती चौकशी, मग कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम, मग कॉट बेसिसवर जागा. उप्सालाच्या प्राध्यापकांनी माझ्या नकळत माझ्यावर पाळत ठेवली होती की काय, असं वाटावं इतकं ते जुळत होतं.

त्या मंडळींनी सुरुवातीला ज्या कंपन्यांचा अभ्यास केला त्या चार: सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, फॅसिट आणि व्होल्वो. सरांनी ही नावं फळ्यावर लिहिली तेव्हा खिडकीपाशी बसणारा पुण्याचा एकजण म्हणाला, “सर, यातल्या दोन आमच्या दापोडीला आहेत.” वर्ग हसला. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खरोखरच आहेत. सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को, दोन्ही दापोडीला, मुंबई-पुणे रस्त्यावर. आणि तिसरी स्वीडिश कंपनी अल्फा लावल, तीही दापोडीलाच. म्हणजे स्टॉकहोमहून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे लाजत लाजत निघालेला तो भिडस्त पाहुणा, देश ओलांडत, धीर गोळा करत, शेवटी येऊन टेकला तो लोणावळा लोकलच्या वाटेवर, एका लहानशा स्टेशनाच्या शेजारी. आणि एकटा राहवेना म्हणून आपले गाववालेही जवळच घेऊन बसला. परमुलखात गेलेली माणसं एकाच चाळीत खोल्या घेतात. कंपन्यांचंही त्याहून फार निराळं नसावं.

अण्णांना मी फोनवर सांगितलं, की स्वीडनच्या कंपन्या दापोडीला आहेत. दापोडी त्यांना माहीत होती, पण वेगळ्या कारणाने: तिथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. गाड्यांची बॉडी बांधतात ती. त्यांच्या मनातल्या नकाशावर दापोडी पुण्याच्या कितीतरी आधी येत असावी. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “स्वीडन किती टप्पे रे?” एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं टप्प्यावर. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि हजारभर टप्पे भरतील म्हणून सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. “मग अर्धं तिकीट काढलं तरी परवडायचं नाही,” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. मनातल्या अंतराचं त्यांना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर त्याचाही दर त्यांनी विचारला असता.

रिकार्डोबद्दल फार लिहीत नाही. तो सगळ्यांनाच शिकवतात. 1817 सालच्या त्याच्या पुस्तकात इंग्लंड कापड विणतं आणि पोर्तुगाल वाइन गाळतो, आणि दोघांचंही भलं होतं. गंमत एवढीच, की त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही कामांत इंग्लंडपेक्षा सरस आहे. वाइनला इंग्लंडची 120 माणसं लागतात तिथे पोर्तुगालची 80, कापडाला इंग्लंडची 100 तर पोर्तुगालची 90. तरीही कापड सोडायचं पोर्तुगालने. मडगावची मैत्रीण यावर मनापासून चिडली. तिच्या घरात पोर्तुगीजांबद्दल कुणी कधी चांगलं बोललं नव्हतं. तरी हा अन्याय तिला सहन होईना. “दोन्ही चांगलं येतं त्यालाच एक काम सोडायला सांगायचं, हा कुठला न्याय?” असं ती वर्ग सुटल्यावरही बराच वेळ म्हणत होती. तिला घरात धाकटी भावंडं होती, त्याचा काही संबंध असेल.

दुसऱ्या वर्षी आम्ही सिद्धान्तांच्या ढगांतून उतरून कागदांच्या जमिनीवर आलो. निर्यातीची कागदपत्रं शिकवायला जे सर येत ते एका बँकेच्या विदेशी विनिमय विभागातून निवृत्त झालेले. बारीक अंगकाठी, खिशाला दोन पेनं, आणि कुठलाही मजकूर चूक शोधण्यासाठीच वाचायचा, ही नोकरीतून जडलेली नजर. कॅन्टीनच्या फळ्यावर ‘साबुदाणा’ आणि बिलावर ‘साबूदाना’ असेल तर सर पैसे रोखून धरतील, अशी आमची खात्री होती.

त्यांनी पहिल्या तासाला एक पेटी काढली. फळ्यावर. पेटीच्या डोक्यावर क्रेनचा दोर, उजवीकडे जहाज, डावीकडे धक्का. आणि जहाजाच्या कठड्यावरून त्यांनी खडूने एक उभी रेघ थेट आकाशात नेली. “ही रेघ खरी नाही,” सर म्हणाले, “पण सगळा धंदा हिच्यावर उभा आहे.” एफओबी, फ्री ऑन बोर्ड, म्हणजे हेच. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1936 मध्ये विक्रीच्या अशा अटींची पहिली नियमावली काढली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारत नेली. आम्ही शिकत होतो तेव्हा नियम असा होता, की पेटी कठड्यावरची ती अदृश्य रेघ ओलांडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, ओलांडली की घेणाऱ्याची. रेघेच्या अलीकडे पडली तर नुकसान याचं, पलीकडे पडली तर त्याचं. आणि नेमकी रेघेवर असताना? सरांनी खडू खाली ठेवला आणि हात झटकत म्हणाले, “त्यासाठीच वकील असतात.”

मग त्यांनी एक खटला सांगितला, तो मला अजून आठवतो, कारण त्यात आगीचा बंब होता. भारत सरकारने इंग्लंडमधून बंब विकत घेतले होते. लंडनच्या बंदरात त्यातला एक ‘जलआझाद’ नावाच्या जहाजावर चढवत असताना दोरावरून सुटला आणि खाली पडला. रेघेच्या अलीकडे. जहाज सिंदिया कंपनीचं. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद ज्या कंपनीच्या संस्थापकांत होते ती ही. त्यांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून आपल्याकडे तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन. बंबाचा खटला 1954 मध्ये निकाली निघाला तेव्हा न्यायमूर्ती डेव्हलिन यांनाही त्या आकाशात गेलेल्या रेघेचं हसू आवरलं नाही; दोराला टांगलेला माल झुलत असताना जबाबदाऱ्याही त्याच्याबरोबर इकडून तिकडे सरकतात हे दृश्य फारच उत्साही वकिलाला आवडेल, अशा अर्थाचं त्यांनी निकालपत्रातच लिहून ठेवलं. जगभरच्या आगी विझवायला निघालेला तो बिचारा बंब, एका देशाचा राहिला नाही आणि दुसऱ्याचा झाला नाही, अशा अवस्थेत लटकत असलेला मी कितीतरी दिवस डोळ्यांपुढे पाहत होतो. पुढे 2011 पासून ती रेघ पुसली गेली. आता माल जहाजावर नीट ठेवल्यावर जोखीम सरकते. व्यवहार सोपा झाला, त्यातलं काव्य गेलं. कंटेनरने जाणाऱ्या मालाला एफओबी वापरू नका, असंही नियमावली बजावते. न्हावाशेवाला अजून सगळे एफओबीच लिहितात, आणि जहाजं वेळेवर सुटतात.

फळ्यावरच्या त्या पेटीत मला वेगळंच काही दिसत होतं, तेही सांगून टाकतो. उस्मानाबादला शिकत असताना आमच्या खोल्यांवरच्या सगळ्या मुलांचे डबे एसटीने यायचे. ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटच्या कडेला ते रचलेले असत, कडीला बांधलेल्या चिंधीवर नावं लिहिलेली. अण्णांची ड्यूटी असेल त्या दिवशी प्रश्न नसे. नसेल त्या दिवशी आई स्टँडवर जाऊन खिडकीतून डबा वर द्यायची. “भाऊ, आमटी हाय, आडवा ठिवू नका.” पावती नाही, विमा नाही, वाहतुकीचं भाडं नाही, पाठवणारी, नेणारा आणि घेणारा यांच्यात कसलाही करार नाही. सरांनी रेघ ओढली तेव्हा मला प्रथम एसटीची खिडकी आठवली. डबा खिडकीच्या गजाआड गेला, की आईची जोखीम संपायला हवी होती. पण ती गाडीबरोबर चार पावलं चालायची, सुटलेल्या गाडीला हाताने खूण करायची, आणि संध्याकाळी अण्णा आले की विचारायची, रिकामा डबा परत आला का. पॅरिसच्या वाणिज्य मंडळाकडे अशा अटीसाठी अक्षरं नाहीत.

त्या डब्याला करार लागला नाही, कारण नेणारा ओळखीचा होता. आमचा सगळा अभ्यासक्रम होता तो नेणारा, घेणारा, कुणीच ओळखीचा नसेल तेव्हाचा. त्यावर माणसाने काढलेला तोडगा म्हणजे एलसी, लेटर ऑफ क्रेडिट. माझ्या मते या शास्त्रातली सगळ्यात हळवी वस्तू हीच. दिसायला मात्र अतिशय रुक्ष. विकणाऱ्याला भीती, माल गेला आणि पैसे आले नाहीत तर? घेणाऱ्याला भीती, पैसे गेले आणि माल आला नाही तर? दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत. मग दोघे मिळून बँकेवर विश्वास टाकतात. आणि बँक कशावर टाकते? कागदावर. बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा करत नाहीत, असा नियमच आहे. आम्ही शिकत असतानाच, 1 जुलै 2007 पासून, त्याची नवी आवृत्ती लागू झाली आणि सरांनी आधीच्या सगळ्या नोट्स रद्द ठरवल्या. जहाजात केशर आहे की भुसा, हे पाहायला बँकेचा माणूस बंदरावर जात नाही. तो टेबलाशी बसून कागद वाचतो. पाच दिवसांत, तेही बँकेच्या कामकाजाच्या, त्याने सांगायचं: जुळतं की नाही. न जुळलं तर डिस्क्रेपन्सी. हा शब्द सर असा उच्चारत, जसा जुना वैद्य नाडी धरून आजाराचं नाव घेतो.

त्या कागदांतला एक म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती. तिच्या मूळ प्रती बहुतेक वेळा तीन निघतात. का तीन? तर पूर्वी कागदही जहाजानेच जात आणि जहाजं बुडत. म्हणून एक प्रत या जहाजाने, दुसरी त्या जहाजाने. एकीवर माल सुटला की उरलेल्या आपोआप निकालात. विमानं आली, कुरिअर आलं, तरी तीन निघतातच. बुडून गेलेल्या जहाजांची भीती अशी कागदांच्या संख्येत टिकून राहिली आहे.

ग्रंथालयात एका पावसाळी दुपारी मला ‘पेरिप्लस’ सापडलं. तांबड्या समुद्राचा प्रवास आणि व्यापार सांगणारं इसवीच्या पहिल्या शतकातलं पुस्तक, शॉफ यांनी 1912 मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद. लिहिणाऱ्याने नाव ठेवलेलं नाही. इजिप्तमधला ग्रीक बोलणारा कुणी व्यापारी असावा. खरं तर ते आमच्या विषयाचं सर्वात जुनं क्रमिक पुस्तक म्हणायला हवं. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, भरती कधी येते, वाटाड्या कुठे घ्यावा, हे सगळं तो पोक्तपणे सांगत जातो. भडोचला वाइन न्यावी, इटलीची असली तर उत्तम. तांबं, कथील, शिसं, पोवळं न्यावं. आणि राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी मुलं. मग तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथे भरपूर अकीक मिळतो; आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात.

तगर म्हणजे तेर. माझं गाव, गोरोबाकाकांचं गाव, तेरणेकाठचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथे आहे, त्यात शाळेच्या सहलीत आम्ही मस्ती करत फिरलो होतो. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1938 मध्ये एक हस्तिदंती भारतीय स्त्री सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. तेर आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी अभ्यासकांनी तिचं नातं जोडलं आहे. म्हणजे आमच्याकडची एक मुलगी, किंवा तिची चुलत बहीण, एलसी नाही, विमा नाही, तीन प्रती नाहीत, अशी समुद्र ओलांडून गेली. आणि आम्ही मात्र ‘परदेशी बाजारपेठेत प्रवेश’ या प्रकल्पासाठी सोलापुरी चादर नॉर्वेला कशी विकावी यावर रात्री जागवत होतो.

तो व्यापारी आमच्या वर्गात असता तर त्याचा प्रकल्प कसाबसा पास झाला असता. सारांश नाही, तक्ते नाहीत, स्पर्धकांचं विश्लेषण नाही, संदर्भसूची नाही. निवृत्त सरांच्या हाती पडला असता तर तेवढंही नाही, कारण तेर पैठणच्या पूर्वेला नव्हे, आग्नेयेला आहे. या एका दिशेपायी तगर नेमकं कोणतं यावर विद्वानांचे पुष्कळ वाद झाले. सरांनी लाल पेनाने ‘डिस्क्रेपन्सी’ लिहून दोन हजार वर्षांचा माल परत पाठवला असता.

पदवी मिळाल्यावर सगळे आपापल्या जहाजांत चढले. मडगावची मैत्रीण दुबईत, जेबेल अलीला. तिथे ती दोन्ही कामं करते आणि एकही सोडत नाही. मिरजेची मैत्रीण मुंबईत एका बँकेत कागद तपासते, म्हणजे सरांची गादी चालवते. आता कुणाच्या लग्नपत्रिकेत तारीख आणि वार जुळत नसला तर आधी तिचा फोन येतो. मी शिकवतो. जपानचं कार्ड मीही दोन्ही हातांनीच शिकवतो.

निफाडचा मित्र मात्र खरोखरचा निर्यातदार झाला. जानेवारीपासून त्याची द्राक्षं थंड कंटेनरमधून न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातात. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोचता येतं, औषधाचा अंश जास्त निघाला तर कुणाच्या वेलीवरचा हे तिकडे कळतं. त्याचा तिकडचा खरेदीदार त्याने पाहिलेला नाही. पण इतकी वर्षं मेल चालू आहेत, आणि प्रत्येक मेलची पहिली ओळ हवामानाची असते. निफाडला थंडीत पारा घसरतो, पहाटे बागांत शेकोट्या पेटतात, तशा त्या पहाटेही तो आधी रॉटरडॅमला धुकं आहे का ते पाहतो. 2023 सरता सरता तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि त्याची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. पेरिप्लसवाल्याचा समुद्र बंद, वास्को द गामाचा रस्ता चालू. त्या हंगामात प्रवास लांबला, मण्यांची कळा उतरली, आणि दर पाडून मागायला कुणी हरकत घेतली नसती. खरेदीदाराने मागितला नाही. का नाही, हे त्या मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं. पहिल्या ओळीत पाऊस होता.

मित्राला राहवेना. काहीतरी भेट पाठवावी म्हणून त्याने मला फोन केला. मी पेरिप्लसच्या आधाराने चांदीची भांडी आणि गाणारी मुलं सुचवली. ते बजेटात बसेना. शेवटी मिरजेच्या मैत्रिणीने तासगावचे बेदाणे मिळवले आणि निफाडला पाठवले, आणि तिथून ते कुरिअरने हॉलंडला निघाले. आठवड्याने पुन्हा फोन. पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं. फॉर्मवर वस्तूचं मूल्य या रकान्यात त्याने ‘भेट’ असं लिहिलं होतं आणि तिकडून विचारणा आली होती: भेट हे मूल्य नव्हे, आकडा कळवा. शून्य लिहिलेलं चालत नाही.

मग आम्ही तिघे फोनवर बसलो. मैत्रीण म्हणाली, तासगावच्या बाजारातला दर धरा. मित्र म्हणाला, पण ही काय विक्री आहे? मी हस्तांतरण मूल्याचे वर्गात शिकवतो ते सगळे प्रकार ऐकवले, त्यातला एकही लागू पडेना. माल, पॅकिंग, कुरिअर असं मोजता मोजता मैत्रिणीने मध्येच विचारलं, की मेलमध्ये बेदाणे लिहिलंस की मनुका. कारण फॉर्मवर वेगळं असेल तर गेलंच. अर्ध्या तासाने आकडा ठरला, सात युरो. फॉर्मवर लिहून झाल्यावर मित्र बराच वेळ कुरकुरत राहिला. निदान नऊ तरी लिहायला हवे होते, त्या माणसाला काय वाटेल.